टोपणनावाची किंमत

टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाविषयी आपल्या सार्वजनिक जीवनात एक प्रकारचा अनादर असतो. ‘हिंमत असेल तर नाव घालून लिही’ हे आव्हान आपण वरचेवर ऐकतो आणि देतोही. या आव्हानात तथ्य नाही असे नाही. दुसऱ्याच्या अब्रूवर शिंतोडे उडवावयाचे आणि त्याची जबाबदारी मात्र चुकवावयाची, यासाठी खोट्या नावाचा आडोसा घेणे हा भेकडपणाच होय. समाजमाध्यमांवर अशा भेकडांच्या भाडोत्री फौजा उभ्या करण्याचा उद्योग आज राजरोस चालतो, हे कोणा कार्यकर्त्याला सांगावयास नको. परंतु एवढ्यावरून टोपणनाव म्हणजे भेकडपणा असे समीकरण मांडणे ही इतिहासाशी प्रतारणा होईल. स्वतःच्या खऱ्या नावाने लिहिणे हीच सत्तेशी केलेली तडजोड ठरावी, असेही काळ येतात. अशा काळात नाव झाकणाऱ्याची हिंमत नाव मिरविणाऱ्यापेक्षा मोठी असते.

या विधानाचा अर्थ समजून घ्यावयाचा तर १९४२ साली पॅरिसमध्ये गुप्तपणे छापल्या गेलेल्या एका लहानशा कादंबरीकडे पाहावे. तिचे नाव ‘ल सिलांस द ला मेर’, म्हणजे ‘समुद्राचे मौन’. पुस्तक जेमतेम शंभर पानांचे. लेखकाच्या जागी एकच शब्द होता : ‘व्हेर्कोर’. या नावाचा कोणी लेखक फ्रान्समध्ये ठाऊक नव्हता. आल्प्स पर्वताच्या बाजूला, ग्रनोब्ल शहरानजीक, व्हेर्कोर नावाचा डोंगराळ प्रदेश आहे एवढेच लोक जाणत होते. प्रकाशकाचे नावही नवे होते : ‘एदिस्यों द मिन्युई’, म्हणजे ‘मध्यरात्र प्रकाशन’. पत्ता अर्थातच कोठे नव्हता.

त्या वेळची फ्रान्सची स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पराभव झाला. उत्तर फ्रान्स आणि पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले आणि दक्षिणेत मार्शल पेतां यांचे आज्ञाधारक सरकार व्हिशी येथे बसले. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात हजारावर पुस्तकांची एक यादी प्रसिद्ध झाली. जर्मन राजदूत ऑटो आबेत्झ यांच्या नावावरून ती ‘ऑटो यादी’ म्हणून ओळखली जाते. ज्यू लेखक, मार्क्सवादी लेखक, जर्मनीतून परागंदा झालेले लेखक, हिटलरवर टीका करणारे लेखक अशा सर्वांची पुस्तके दुकानांतून काढून घ्यावयाची होती. यात विशेष ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, फ्रेंच प्रकाशकांच्या संघटनेने जर्मन अधिकाऱ्यांशी रीतसर करार केला आणि पुढे काय छापावयाचे नाही याची दक्षता आपण होऊन घेण्याचे मान्य केले. सेन्सॉरला प्रत्येक पान तपासण्याचे कष्ट पडू नयेत, अशी सोय प्रकाशकांनीच करून दिली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या करारात गूढ असे काही नाही. प्रकाशन हा धंदा आहे. त्याला कागद लागतो, छापखाना लागतो, वितरण लागते. कागदाची टंचाई होती आणि त्याच्या वाटपाची नाडी सत्तेच्या हाती होती. भांडवल अडकून पडलेला माणूस नाडी पाहून बोलतो. लेखकाचीही गोष्ट फारशी वेगळी नव्हती. त्याचे नाव हेही एक भांडवलच असते, आणि ते बाजारात फिरते ठेवले नाही तर झिजते. म्हणूनच अनेक नामांकित लेखक त्या चार वर्षांत आपल्या खऱ्या नावानिशी छापले जात राहिले. सगळेच देशद्रोही होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु सेन्सॉरच्या संमतीने छापलेल्या प्रत्येक नावामुळे एक आभास दृढ होत होता : फ्रान्समध्ये सारे काही सुरळीत आहे, साहित्य फुलते आहे आणि विजेते रसिक आहेत. फ्रेंच साहित्यात अत्यंत प्रतिष्ठा पावलेले ‘नूव्हेल रव्ह्यू फ्रांसेज’ हे मासिकही याच हेतूने द्रिय ला रोशेल या फॅसिस्ट लेखकाच्या संपादनाखाली पुन्हा सुरू करण्यात आले. खरे नाव तडजोडीचे ठरते ते असे.

‘व्हेर्कोर’ या नावामागचा माणूस होता झां ब्रुलेर. जन्म १९०२ सालचा. वडील हंगेरीतून येऊन पॅरिसमध्ये स्थायिक झालेले ज्यू गृहस्थ. ब्रुलेर यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, पण उपजीविका केली ती व्यंगचित्रे, पुस्तकांतील चित्रे व खोदचित्रे यांवर. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर वाढलेल्या पिढीतील असल्याने ते बरीच वर्षे शांततावादी होते आणि फ्रान्स व जर्मनी यांच्या समेटावर त्यांचा विश्वास होता. पराभवानंतर त्यांनी निश्चय केला की, सेन्सॉरच्या परवानगीने एक रेषाही छापावयाची नाही. पॅरिसच्या पूर्वेस एका खेड्यात ते राहत होते. तेथे त्यांनी सुताराच्या हाताखाली काम पत्करले. चित्रकाराच्या हाती रंधा आला. लेखणी अद्याप आली नव्हती, कारण ब्रुलेर हे तोवर कथालेखक नव्हतेच.

त्यांच्याकडून ही कथा लिहवून घेतली ती प्येर द लेस्क्युर या त्यांच्या लेखक मित्राने. ‘ला पाँसे लिब्र’ म्हणजे ‘मुक्त विचार’ नावाचे एक गुप्त नियतकालिक कम्युनिस्ट विचारवंतांनी १९४१ मध्ये सुरू केले होते. जॉर्ज पोलित्झेर हे तत्त्वज्ञ, झाक सोलोमों हे भौतिकशास्त्रज्ञ आणि झाक दकूर हे लेखक व शिक्षक ही त्यामागची प्रमुख माणसे. कथा त्या नियतकालिकासाठी होती. परंतु ती तयार होईपर्यंत छापखान्यावर धाड पडली. पुढे मे १९४२ मध्ये या तिघांनाही जर्मनांनी गोळ्या घालून ठार केले. गुप्त छपाईची किंमत काय होती, हे या एका वाक्यात आले. नियतकालिक गेले तेव्हा ब्रुलेर आणि लेस्क्युर यांनी ठरविले की, आपणच एक गुप्त प्रकाशनसंस्था काढावी.

ती कशी चालली हे कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे. छापणारा मिळाला क्लोद उदव्हिल. त्याचा छापखाना लहान. लग्नपत्रिका आणि मृत्यूची निवेदने छापावयाची, एवढाच त्याचा व्यवसाय. दुकान होते ‘बुलव्हार द लोपिताल’ या रस्त्यावर, आणि समोरचे रुग्णालय जर्मन सैन्याने आपल्यासाठी घेतलेले. म्हणजे खिडकीबाहेर जर्मन सैनिकांची ये-जा आणि आत यंत्रावर हे पुस्तक. एका वेळी आठ पाने छापता येत. ती छापून झाली की खिळे सोडवावयाचे आणि पुढची आठ पाने जुळवावयाची. कोणी आत आले तर यंत्रावर मृत्यूचे निवेदन दिसले पाहिजे, ही तयारी असे. छापलेले कागद ब्रुलेर यांच्या बालपणीच्या स्नेही इव्हॉन पाराफ यांच्या घरी पोचत आणि तेथे त्या व त्यांच्या मैत्रिणी ते हाताने शिवून बांधत. पुस्तकावर छपाई पूर्ण झाल्याची तारीख २० फेब्रुवारी १९४२ अशी आहे. पहिल्या छपाईच्या प्रती सुमारे ३५०. लेस्क्युर यांच्या मागावर पोलिस लागल्याने त्यांचे वाटपदेखील त्या वर्षाच्या शरद ऋतूपर्यंत लांबले.

बाजाराच्या हिशेबाने ३५० प्रती म्हणजे काहीच नव्हे. परंतु हा हिशेब बाजाराचा नव्हताच. येथे पुस्तक ही क्रयवस्तू उरली नव्हती. ती हातोहात सोपविण्याची ठेव झाली होती. वाचलेली प्रत पुढे द्यावयाची, जमेल त्याने टंकलिखित करावयाची, हा तिचा प्रसार. एक प्रत इंग्लंडला पोचली, तेथे १९४३ मध्ये तिचे पुनर्मुद्रण झाले आणि ब्रिटिश विमानांनी ते लहान आकारात फ्रान्सवर टाकले. सिरिल कॉनली यांनी १९४४ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. ज्या पुस्तकाला दुकान नव्हते, जाहिरात नव्हती, लेखकाचे नाव नव्हते, ते पुस्तक त्या युद्धकाळातील सर्वांत प्रसिद्ध फ्रेंच पुस्तकांपैकी एक ठरले.

कथा अगदी साधी आहे. एका खेड्यातील घरात एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची पुतणी राहतात. त्यांच्या घरी व्हेर्नेर फॉन एब्रेनाक नावाचा जर्मन अधिकारी सक्तीने उतरविला जातो. तो व्यवसायाने संगीतकार, पायाने किंचित लंगडा, स्वभावाने सौजन्यशील. फ्रेंच साहित्यावर त्याचे मनापासून प्रेम आहे. दररोज संध्याकाळी तो शेकोटीपाशी येऊन बोलतो. या युद्धातून दोन्ही राष्ट्रांचा विवाह घडून येईल, असे त्याचे स्वप्न. काका आणि पुतणी त्याच्याशी एक शब्दही बोलत नाहीत. घरात राहण्यापासून ते त्याला रोखू शकत नाहीत; पण त्याचे असणे मान्य करण्यास मात्र नकार देतात. पुढे तो पॅरिसला जातो. तेथे त्याचेच जर्मन मित्र त्याला हसून सांगतात की फ्रान्सशी विवाह वगैरे काही नाही. त्याचा आत्माच ठेचून टाकावयाचा आहे. तो परततो, हे सारे त्या दोघांना सांगतो आणि आपण होऊन पूर्व आघाडीवर जाण्याची मागणी केल्याचे कळवितो. निघताना पुतणी पहिला आणि शेवटचा एक शब्द उच्चारते, तो निरोपाचा.

या पुस्तकावर टीका झाली आणि ती डाव्या बाजूनेच झाली. लंडनच्या ‘ट्रिब्यून’ या समाजवादी साप्ताहिकात आर्थर केस्लर यांनी १९४३ मध्ये या कथेची निर्भर्त्सना केली. एवढ्या सुशिक्षित जर्मन अधिकाऱ्याला नात्सींचा हेतू १९४१ पर्यंत कळला नव्हता, हे पटावे कसे, असा आक्षेप या कथेवर तेव्हापासून घेतला जातो. सोव्हिएट लेखक इल्या एरेनबुर्ग यांनी तर हे पुस्तक म्हणजे चिथावणीचा डाव असून कोणा नात्सीनेच ते लिहिले असावे, असा संशय व्यक्त केला. देशोदेशींच्या रणांगणावर माणसे मरत असताना सज्जन जर्मनाचे चित्र रंगविणारा हा निनावी लेखक कोण, असा हा प्रश्न होता. लेखकाला तो ऐकून घ्यावा लागला. नाव उघड करून उत्तर देता येत नव्हते. टोपणनावाची ही एक किंमत आहे. कीर्ती मिळते ती दुसऱ्या कोणाला तरी, आणि संशयाचे उत्तर देण्याची सोय नसते.

सार्त्र यांनी १९४७ मध्ये साहित्याच्या स्वरूपावर लिहिलेल्या आपल्या निबंधात या टीकेला उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की, पुस्तक कोणासाठी व केव्हा लिहिले हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरत नाही. १९४१ सालच्या फ्रेंच माणसाला प्रत्येक जर्मन राक्षस असतो असे सांगून उपयोग नव्हता. कारण त्याच्या गल्लीत फिरणारा जर्मन बसमध्ये म्हाताऱ्यांना जागा देत होता. धोका त्या सौजन्याचा होता. म्हणून सौजन्यशील शत्रूच घ्यावयाचा आणि त्याच्याशीही असहकार केला पाहिजे असे दाखवावयाचे, हे त्या क्षणाला नेमके उत्तर होते. १९४२ च्या अखेरीस लढा उघडपणे पेटल्यावर त्या उत्तराची धार गेली, हेही सार्त्र सांगतात. मला हे विवेचन पूर्णपणे पटते. असहकार हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. जुलमी शत्रूशी असहकार करणे तुलनेने सोपे. हसतमुख, सुसंस्कृत, आपल्या भाषेचे कौतुक करणाऱ्या सत्तेशी तो करणे कठीण. ब्रुलेर यांनी नेमके हेच कठीण प्रकरण निवडले, हे त्यांचे मोठेपण.

‘मध्यरात्र प्रकाशना’ने मुक्तीपर्यंत पंचवीसच्या आसपास पुस्तके काढली. त्यांच्या लेखकांची टोपणनावे पाहिली तर फ्रान्सचा नकाशाच समोर येतो. कॅथलिक कादंबरीकार फ्रांस्वा मोरियाक हे ‘फोरेझ’ झाले, झां गेनो हे ‘सेव्हेन’ झाले, झाक दब्यू-ब्रिदेल हे ‘आर्गॉन’ झाले. ही सर्व फ्रान्सच्या प्रदेशांची नावे. काहींनी निराळी वाट धरली. कम्युनिस्ट कवी लुई आरागाँ यांनी ‘क्रोधी फ्रांस्वा’ अशा अर्थाचे नाव घेतले, तर एल्सा त्रिओले या ‘लोराँ दानिएल’ या पुरुषी नावाने लिहू लागल्या. कॅथलिक, कम्युनिस्ट, उदारमतवादी, उजवे देशभक्त अशी ही सरमिसळ होती. खरी नावे छापली असती तर वाचकाने प्रथम ‘हा कोणत्या गटाचा’ असे पाहिले असते. टोपणनावांनी ती सोयच ठेवली नाही. मजकूर वाचून मत बनविणे भाग पडले. आणि मुक्ती येताच हे सर्वजण आपापल्या नावानिशी लोकांसमोर उभे राहिले. आडोसा संकटापुरता होता; जबाबदारीपासून पळून जाण्यासाठी नव्हता.

एक दुःखद योगायोग नोंदविला पाहिजे. ब्रुलेर यांनी हे नाव घेतले तेव्हा व्हेर्कोर हा केवळ एक डोंगराळ प्रदेश होता. जुलै १९४४ मध्ये तेथे जमलेल्या प्रतिकारवीरांवर जर्मन सैन्याने हल्ला केला आणि शेकडो लढवय्ये व गावकरी मारले. कागदावरचे नाव रक्ताने भिजून आले. त्यानंतर ते नाव टाकून देणे ब्रुलेर यांना शक्यच नव्हते; १९९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते व्हेर्कोर म्हणूनच लिहीत राहिले.

येथपर्यंतची कथा ऐकताना आपल्याला बरे वाटते. शत्रू परका आहे, जुलमी आहे, आपण न्यायाच्या बाजूला आहोत. समाजवादी कार्यकर्त्याने या कथेचा दुसरा अर्धा भाग वाचल्याशिवाय मात्र पुस्तक मिटू नये. तो भाग अल्जीरियाचा आहे, आणि त्यात सत्तेवर बसलेली माणसे आपल्या विचारांच्या पक्षाची आहेत.

फेब्रुवारी १९५६ मध्ये फ्रान्समध्ये गी मोले यांचे सरकार आले. मोले हे समाजवादी पक्षाचे सरचिटणीस. जर्मन ताब्याच्या काळात प्रतिकार चळवळीत काम केलेले. अल्जीरियात शांतता प्रस्थापित करू, या आश्वासनावर ते निवडणुकीला सामोरे गेले होते. परंतु ६ फेब्रुवारी रोजी अल्जीर्समध्ये तेथील युरोपीय वसाहतवाल्यांच्या जमावाने त्यांच्यावर टोमॅटो फेकले आणि सरकारचे धोरण वळले. समाजवादी पक्षाचेच रोबेर लाकोस्त अल्जीरियाचे निवासी मंत्री झाले. मार्चमध्ये विशेषाधिकारांचा कायदा मंजूर झाला. त्याला कम्युनिस्ट सभासदांनीही मते दिली. पाहता पाहता तेथील फ्रेंच सैन्य चार लाखांच्या घरात गेले. जानेवारी १९५७ मध्ये अल्जीर्स शहरातील पोलिसी अधिकार जनरल मासू यांच्या छत्रीधारी सैनिकांकडे सोपविण्यात आले आणि संशयितांना विजेचे झटके देणे, पाण्यात गुदमरविणे हे नित्याचे झाले. अल्जीर्सच्या पोलिस खात्याचे सचिव पॉल तेतजाँ हे स्वतः दाखाऊच्या नात्सी छळछावणीतून परतलेले गृहस्थ होते. अटकेतील माणसांच्या अंगावर त्यांना ओळखीच्या खुणा दिसल्या आणि त्यांनी राजीनामा दिला. ब्रुलेर यांनी त्याच वर्षी, १९५७ मध्ये, आपला ‘लेजियों दॉनर’ हा राष्ट्रीय सन्मान सरकारला परत केला.

‘मध्यरात्र प्रकाशन’ आता झेरोम लिंदाँ या तरुण प्रकाशकाच्या हाती होते. त्याने फेब्रुवारी १९५८ मध्ये आँरी आलेग यांचे ‘ला केस्त्यों’ हे पुस्तक काढले. आलेग हे अल्जीर्सच्या एका डाव्या दैनिकाचे संपादक. छत्रीधारी सैनिकांनी आपला कसा छळ केला, हे त्यांनी तुरुंगात लिहिले आणि वकिलांमार्फत बाहेर धाडले. आलेग हेदेखील मूळचे नाव नव्हे. ते जन्माने हॅरी सालेम. सुमारे साठ हजार प्रती खपल्यावर मार्चमध्ये सरकारने पुस्तक जप्त केले. त्या सरकारात समाजवादी मंत्री होते. पुढे १९६० मध्ये, द गोल यांच्या राजवटीत, याच संस्थेने ‘ल देझेर्तर’ म्हणजे ‘पळपुटा सैनिक’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. लेखकाचे नाव ‘मोरिएन्न’. तेही आल्प्समधील एका खोऱ्याचे नाव. ते वाचताच कोणाही जाणत्या फ्रेंच वाचकाला ‘व्हेर्कोर’ आठवावे. या नावामागे होता झां-लुई उर्स्त नावाचा तरुण शिक्षक. तो कम्युनिस्ट होता आणि अल्जीरियाच्या युद्धात लढण्यास नकार देऊन सैन्यातून निघून गेला होता. ही कादंबरीही जप्त झाली. लिंदाँ यांच्यावर सैनिकांना अवज्ञेची चिथावणी दिल्याबद्दल खटला भरण्यात आला आणि त्यांना शिक्षा झाली. त्याच १९६० च्या सप्टेंबरमध्ये, या युद्धात शस्त्र उचलण्यास नकार देण्याचा हक्क मान्य करणारे १२१ बुद्धिवंतांचे निवेदन निघाले. त्यावर सार्त्र, लिंदाँ आणि व्हेर्कोर यांच्या सह्या होत्या.

‘समुद्राचे मौन’वरून झां-प्येर मेलव्हिल यांनी १९४९ मध्ये चित्रपट काढला. त्यात एक प्रसंग आहे : निघून जाणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडावे म्हणून काका अनातोल फ्रान्स यांचे पुस्तक उघडून ठेवतात, गुन्हेगारी आज्ञा न पाळणाऱ्या सैनिकाची थोरवी सांगणारे ते पान असते. फ्रेंच प्रेक्षकांनी तो प्रसंग डोळ्यांत पाणी आणून पाहिला असेल. अकरा वर्षांनी हाच उपदेश फ्रेंच सैनिकाला उद्देशून छापला गेला तेव्हा त्याचे पुस्तक झाले गुन्हा आणि प्रकाशक झाला आरोपी. शत्रूच्या सैनिकाने जे करावे अशी आपली अपेक्षा असते, ते आपल्या सैनिकाने केले की आपण त्याला पळपुटा म्हणतो.

कोणी म्हणेल, नात्सींची राजवट आणि फ्रेंच प्रजासत्ताक यांना एका पंक्तीत बसविणे अन्यायाचे आहे. मान्य आहे. १९४२ मध्ये पोलित्झेर आणि दकूर यांना गोळ्या घालण्यात आल्या. लिंदाँ यांना न्यायालयात उभे राहून बाजू मांडता आली. हा फरक फार मोठा आहे आणि लोकशाहीचे मोल त्यातच आहे. या फरकामुळेच दुसऱ्या वेळी टोपणनावाचे स्वरूप बदलले. १९४२ मध्ये लेखक, मुद्रक, प्रकाशक सर्वच अंधारात होते. १९६० मध्ये लेखकाचे नाव झाकलेले होते, पण प्रकाशकाचे नाव आणि पत्ता पुस्तकावर छापलेला होता. ज्याला तुरुंगात टाकणे सत्तेला सोपे होते त्याला आडोसा मिळाला, आणि ज्याला समाजात काही स्थान होते त्याने जबाबदारी आपल्या अंगावर घेतली. लिंदाँ यांनी त्याची किंमत मोजली. वसाहतवादी अतिरेक्यांनी त्यांच्या घरावर बाँबही टाकला. पण भित्र्या निनावीपणात आणि प्रामाणिक टोपणनावात जो फरक आहे, तो या विभागणीत स्पष्ट दिसतो : दुसऱ्या प्रकारात जबाबदारी घेणारा कोणीतरी नेहमी उभा असतो.

सत्याला किती वेळ लागतो तेही पाहावे. अल्जीर्समध्ये १९५७ साली पकडून नेलेले तरुण गणितज्ञ मोरिस ओदँ परत आले नाहीत. ते पळून गेले असावेत, असे सरकार सांगत राहिले. हा खोटेपणा पिएर व्हिदाल-नाके या इतिहासकाराने १९५८ मध्येच, याच ‘मध्यरात्र प्रकाशना’च्या पुस्तकातून, उघडकीस आणला होता. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी शासनाची जबाबदारी मान्य केली ती सप्टेंबर २०१८ मध्ये. एका जप्त पुस्तकाच्या आणि एका टोपणनावाच्या बाजूने इतिहास अखेर झुकतो. मध्ये साठ वर्षे जातात, एवढेच.

आता प्रश्न आपला. महाराष्ट्रातील समाजवादी परंपरेला भूमिगत हा शब्द नवा नाही. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त रेडिओ चालविला. १९७५ च्या आणीबाणीत निनावी पत्रके रातोरात छापून वाटली गेली. त्या निनावीपणाचा आपल्याला अभिमान आहे, आणि असलाच पाहिजे. परंतु परक्याच्या वा विरोधकाच्या सत्तेविरुद्ध घेतलेल्या टोपणनावाचा गौरव करणे सोपे असते. खरी परीक्षा टोपणनाव आपल्याविरुद्ध घेतले जाते तेव्हाची. गी मोले यांचे अपयश मला त्यांच्या धोरणाइतकेच या ठिकाणी दिसते. ज्या माणसाने गुप्तपणे काम करून जुलमाचा प्रतिकार केला, त्यालाच सत्तेवर आल्यावर निषेधाचा आवाज राष्ट्रद्रोह वाटू लागला. प्रतिकाराची स्मृती पुण्याईसारखी साठवून ठेवता येत नाही. ती दररोज नव्याने कमवावी लागते.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांना माझी एक साधी विनंती आहे. शाखेत, संघटनेत, आपल्या ताब्यातील पतपेढीत किंवा शिक्षणसंस्थेत एखादे बिननावाचे पत्र आले, तर ‘हे कोणी लिहिले’ याचा शोध घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पत्रातील मजकूर खरा आहे का, ही पहिली. आणि लिहिणाऱ्याला नाव घालण्याचे भय का वाटले, ही दुसरी. पत्र खोटे असेल तर ते पुराव्यानिशी खोटे ठरवावे. व्यक्तीवर चिखलफेक असेल तर केराच्या टोपलीत टाकावे. पण मजकूर खरा असेल, तर ते न घातलेले नाव हा आपल्यावरचाच ठपका असतो. नोकरी जाईल, बदली होईल, बैठकीला बोलावणे बंद होईल असे भय ज्या संघटनेत साध्या कार्यकर्त्याला वाटते, ती संघटना स्वातंत्र्याची भाषा कितीही बोलो, तिच्या घरात मध्यरात्र झालेली आहे.

आपल्या नियतकालिकांनी तर याची रीतसर सोय करावी. लेखकाचे नाव संपादकाला ठाऊक असावे, ते त्याने पोटात ठेवावे, आणि मजकुराची जबाबदारी स्वतःच्या नावानिशी घ्यावी. लिंदाँ यांनी जे न्यायालयात उभे राहून केले, ते आपल्या संपादकांना आणि पदाधिकाऱ्यांना निदान बैठकीत उभे राहून करता आले पाहिजे. ज्याला स्थान आहे त्याने नाव द्यावे आणि ज्याला स्थान नाही त्याला आडोसा द्यावा, एवढी शिस्त पाळली तर निनावी पत्रे आपोआप कमी होतील. कारण भय कमी झालेले असेल.